ठावठिकाणा

घरांतून कोणी परगांवीं निघाला म्हणजे "पोहोंचल्याचें पत्र टाका" असें बजावण्याची आपल्याकडे फार जुनी चाल आहे. त्या पत्रांत बहुधा कांहींच नसे. सुखरूप पोहोंचलों, इकडील क्षेम, तिकडील कळवावें, एवढाच मजकूर. परंतु तें कार्ड हातीं पडेपर्यंत घरांतील वडील माणसांच्या मनास स्वस्थता नसे. पोष्ट सुरू होण्यापूर्वींच्या काळीं तर काशीयात्रेस निघालेल्या मनुष्यास निरोप देतांना तो पुन्हां दिसेलच असें कोणी गृहीत धरीत नसे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे गेले, बंडाच्या धुमाळींत सांपडले, आणि गंगोदकाची कावड घेऊन वर्षांनीं परतले. त्यांच्या 'माझा प्रवासा'ंत लढाया आहेत, लूट आहे, झांशीचा वेढा आहे. पण मला तें पुस्तक वाचतांना राहून राहून वाटतें तें वरसईस वाट पाहत बसलेल्या त्यांच्या मातापित्यांविषयीं. प्रवाशास निदान आपण कोठें आहों हें ठाऊक असतें. मागें राहिलेल्यांस तेवढेंही ठाऊक नसतें.

आज तळहातावर मावेल एवढें एक यंत्र मिळतें. रानांत, हिमप्रदेशांत, भर महासागरांत, जेथें तारायंत्राचा खांब नाहीं व दूरध्वनीचा मनोरा नाहीं, तेथूनही तें यंत्र कृत्रिम उपग्रहांच्या द्वारें आपल्या धन्याचा ठावठिकाणा दर कांहीं मिनिटांनीं घरीं कळवितें. दोन ओळींचा निरोप नेतें व उत्तर आणतें, आणि एक कळ दाबली असतां संकटाची हाक पोहोंचवितें. हा पालट केवढा मोठा आहे हें समजण्यास दोन नौकाशर्यतींच्या हकीकती शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्यात. पहिली १९६८ सालची. दुसरी तिच्याच स्मरणार्थ बरोबर पन्नास वर्षांनीं भरविलेली.

१९६८ सालीं लंडनच्या 'संडे टाइम्स' पत्रानें एकट्यानें, कोठेंही न थांबतां, शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले. पुरी केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यानें. त्याची 'सुहैली' ही जेमतेम बत्तीस फुटांची नौका आपल्या मुंबईंत सागवानी लांकडाची बांधलेली होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. त्याचें बिनतारी यंत्र वाटेंत निकामी झालें. न्यूझीलंडचा किनारा सोडल्यापासून चार महिन्यांहून अधिक काळ त्याचें नांवही कोणाच्या कानीं आलें नाहीं. १९६९ च्या एप्रिलांत अझोर्स बेटांच्या बाजूस एका तेलवाहू जहाजानें त्याला पाहिलें, तेव्हां कोठें तो जिवंत असल्याचें जगास कळलें. म्वातेसिए नांवाचा फ्रेंच नाविक तर जवळ बिनतारी यंत्रच बाळगीत नसे. भेटेल त्या जहाजाच्या डेकवर तो गलोलीनें चिठ्ठ्या मारी. शर्यत सोडून आपण असेच पुढें पॅसिफिक महासागराकडे जात आहों, हा निरोपही त्यानें गलोलीनेंच पाठविला.

परंतु या शर्यतींतील खरी शोकांतिका डोनाल्ड क्राउहर्स्टची. नौका अपुरी, तयारी कच्ची, घर कर्जापायीं गहाण, अशा स्थितींत हा गृहस्थ निघाला. आणि दक्षिण महासागरांत शिरणें म्हणजे मरणें हें ध्यानीं आल्यावर तो अटलांटिकांतच घुटमळत राहिला. बिनतारी संदेशांतून मात्र तो आपण भराभर पुढें जात असल्याचें कळवी. एका दिवसांत २४३ मैल तोडले, असा विक्रमही त्यानें कळविला, आणि लोकांनीं तो खरा मानला. न मानून करतील काय? नाविक कोठें आहे याला त्या काळीं नाविकाच्या शब्दावांचून दुसरा पुरावाच नव्हता.

खोट्या शब्दाची किंमत प्रथम दुसऱ्यानेंच दिली. नायजेल टेटली नांवाचा स्पर्धक घराच्या वाटेवर होता. मागून क्राउहर्स्ट वेगानें येत आहे, या समजुतीनें त्यानें आपली खिळखिळी झालेली नौका वादळांतही दामटली. ती मे महिन्यांत फुटली व बुडाली. सुदैवानें त्याची बिनतारी हाक ऐकूं गेली आणि तो वांचला. इकडे क्राउहर्स्टपुढें पेंच पडला कीं, आतां आपणच बक्षिसास पात्र ठरणार आणि आपल्या नोंदवह्या तपासल्या जाणार. १० जुलै १९६९ रोजीं त्याची 'टिनमथ इलेक्ट्रॉन' ही नौका भर समुद्रांत निर्मनुष्य सांपडली. आंत दोन हिशेब होते, एक खऱ्या मार्गाचा व एक खोट्या. नॉक्स-जॉन्स्टननें आपलें पांच हजार पौंडांचें बक्षीस क्राउहर्स्टच्या बायकामुलांस देऊन टाकलें.

आतां आकाशाकडे वळूं. १९५७ च्या ऑक्टोबरांत रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, तेव्हां अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंतील दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचा टिपटिप आवाज ऐकत बसले होते. आगगाडी जवळ येतांना तिची शिटी उंच स्वरांत ऐकूं येते व दूर जातांना स्वर उतरतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. उपग्रहाच्या ध्वनींतही तोच फेर त्यांना आढळला, आणि त्या फेरावरून त्यांनीं उपग्रहाचा मार्ग गणितानें काढला. पुढें हीच युक्ति उलटी करण्यांत आली. उपग्रहाचा मार्ग ठाऊक असेल, तर ध्वनीच्या उतारचढावावरून जमिनीवरील ठिकाण काढतां येईल.

या युक्तीची निकड १९७२ सालीं कळली. त्या वर्षीं ऑक्टोबरांत अमेरिकेच्या काँग्रेसचे दोन सभासद ज्या लहान विमानांतून चालले होते, तें अलास्कांत नाहींसें झालें. एकोणचाळीस दिवस शोध झाला, आणि विमानाचा तुकडाही मिळाला नाहीं. विमानांत संकटसूचक बीकन असावा हा विचार तेव्हां बळावला. पण नुसता बीकन म्हणजे ओसाड माळावरील हाक. वरून जाणाऱ्या एखाद्या विमानानें ऐकली तर ऐकली. ऐकणारा सदैव फिरता पाहिजे होता, आणि असा पहारेकरी उपग्रहावांचून दुसरा नव्हता.

२३ नोव्हेंबर १९७९ रोजीं अमेरिका, कॅनडा, फ्रान्स व सोव्हिएट रशिया यांनीं लेनिनग्राड येथें या कामाच्या करारावर सह्या केल्या. पुढच्याच महिन्यांत रशियन फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या व दोन महासत्तांमधील बोलणेंचालणें जवळजवळ तुटलें, तरी हा करार टिकला. योजनेचें नांवही जोडनांव आहे, कॉस्पास-सारसॅट. अर्धें रशियन, अर्धें इंग्रजी. ३० जून १९८२ रोजीं रशियानें पहिला उपग्रह सोडला. त्याची चांचणी चालू असतांनाच १० सप्टेंबर रोजीं कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत डोंगरांत कोसळलेल्या एका लहान विमानाची हाक त्यानें टिपली, आणि तिघे जण वांचले. हे तिघे स्वतः दुसऱ्या एका हरवलेल्या विमानाच्या शोधास निघाले होते. एकमेकांवर क्षेपणास्त्रें रोखून बसलेल्या राष्ट्रांपैकीं एकाच्या उपग्रहानें दुसऱ्या पक्षाच्या तीन माणसांचे प्राण राखले, ही त्या काळच्या इतिहासांतील एक चमत्कारिक पण गोड गोष्ट होय.

आरंभींच्या बीकनांस आपलें नांव सांगतां येत नसे. ते नुसते ओरडत, आणि उपग्रहाच्या दृष्टींत त्याच क्षणीं भूकेंद्रही नसलें तर तें ओरडणें वायां जाई. नव्या पद्धतीच्या, ४०६ मेगाहर्ट्झच्या बीकनांत प्रत्येकाचा सांकेतिक क्रमांक आला, आणि ऐकलेली हाक सांठवून पुढच्या केंद्रास देण्याची सोय झाली. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनीं जुन्या लहरींवर कान देणेंच सोडलें. भारतही या संघांत आहे; बेंगळूर व लखनौ येथील केंद्रें आपल्याप्रमाणेंच शेजारच्या कित्येक देशांसाठींही हा पहारा करितात.

तरीही बीकन हा एकमार्गी होता. हाक गेली कीं नाहीं, हें हाक मारणाऱ्यास कळत नसे. ती उणीव व्यापारी उपग्रहांनीं भरून काढली. १९९८ सालीं 'इरिडियम' कंपनीनें सहासष्ट उपग्रहांचें जाळें उभारून दूरध्वनि सुरू केला. वर्षाच्या आंत तिचें दिवाळें वाजलें, परंतु जाळें नव्या मालकांच्या हातीं जाऊन जगलें. आज गिर्यारोहकांच्या व नाविकांच्या खिशांतील कित्येक लहान यंत्रें त्याच जाळ्यावर बोलतात.

आतां दुसरी शर्यत. २०१८ च्या शर्यतीचा नियम असा कीं, नाविकानें १९६८ सालचींच साधनें वापरावींत. सेक्स्टंट, कागदी नकाशे, तारे. उपग्रहावरून स्थान दाखविणारें यंत्र मोहरबंद डब्यांत, केवळ प्राणसंकटीं उघडण्यासाठीं. पण प्रत्येक नौकेवर एक मागकाढें यंत्र बसविलेलें होतें, आणि त्यावरून शर्यतीच्या चालकांस, किंबहुना घरबसल्या नकाशा पाहणाऱ्या कोणासही, नौका कोठें आहे तें दिसे. नाविकास मात्र दिसत नसे! क्राउहर्स्टच्या काळीं नाविकास ठाऊक व जगास अज्ञात. आतां जगास ठाऊक, आणि नाविक ताऱ्यांचें गणित मांडीत बसलेला. पन्नास वर्षांत गोष्ट बरोबर उलटी झाली.

या शर्यतींत भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी होते. गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' नौकेंतून मुंबईहून निघून, वाटेंत कोठेंही न थांबतां, ते २०१३ सालीं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून आले होते. या वेळची त्यांची 'थुरिया'ही गोव्याचीच, मुंबईच्या त्या जुन्या 'सुहैली'ची प्रतिकृति. २१ सप्टेंबर २०१८ रोजीं पर्थपासून सुमारें १९०० सागरी मैलांवर, हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत, वादळानें थुरिया उलटी केली. डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीचे मणके मोडले. त्यांना उठतां येईना. दुसरा उपग्रह-दूरध्वनि ज्या पिशवींत होता ती कांहीं अंतरावर. तेथवर सरकणेंही अशक्य. हाताशीं राहिलें तें निरोपाचें लहानसें यंत्र. त्यावर पडल्यापडल्या टिपलेल्या मोजक्या शब्दांनीं आपली अवस्था त्यांनीं कळविली, आणि बीकननें ठिकाण कळविलें.

नुसतें ठिकाण कळून मनुष्य वांचत नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या बचावकेंद्रानें सूत्रें हातीं घेतलीं. आपल्या नौदलाचें विमान मॉरिशसहून उडालें व त्यानें नौका डोळ्यांनीं पाहिली. ग्रेगर मॅक्गकिन या आयरिश स्पर्धकाच्या डोलकाठ्याही त्याच वादळांत मोडल्या होत्या. तरी त्यानें मोडक्या नौकेचें तोंड टॉमींकडे वळविलें. २४ तारखेस 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाच्या माणसांनीं टॉमींस उचलून नेलें. साडेचार वर्षांनीं हेच टॉमी, मणक्यांत धातूच्या पट्ट्या घेऊन, त्याच शर्यतींत दुसरे आले.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कळ दाबली कीं कोणीतरी येतें, हें ठाऊक झाल्यावर कळ दाबण्यापूर्वींचा विचार कमी होतो. २००९ सालीं अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनमध्यें उतरलेल्या कांहीं पदयात्रिकांनीं तीन वेळां हेलिकॉप्टर बोलाविलें. एका खेपेस कारण असें निघालें कीं, झऱ्याचें पाणी खारट लागलें. वैमानिकानें रात्रीं दरींत उतरणें हा त्याच्या प्राणाशीं खेळ असतो, हें या मंडळींच्या गांवींही नव्हतें. बीकनांच्या हाकांतही खोट्याच पुष्कळ.

आपल्या देशांत प्रश्न याहून निराळा आहे. येथें सरकारी परवानगीवांचून उपग्रह-दूरध्वनि किंवा असें निरोपाचें यंत्र बाळगतां येत नाहीं. २००८ सालीं मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनीं ज्या नौकेंतून समुद्र ओलांडला, तिच्यावर उपग्रह-दूरध्वनि सांपडला होता. तेव्हां या कडकपणाचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. तथापि २०२४ च्या डिसेंबरांत गोव्यांत परदेशी प्रवाशांस केवळ असें यंत्र सामानांत आढळल्यावरून अडविण्यांत आलें, तेव्हां हिमालयांत जाणाऱ्या आपल्या मुलांचें काय, हा विचार पुष्कळ आईबापांच्या मनांत आला असेल. जें यंत्र शत्रूच्या हातीं शस्त्र, तेंच दरींत पडलेल्या मुलाच्या हातीं दोर. परवाना मागण्याची वाट सोपी व जलद करणें सरकारास अशक्य नाहीं, असें मला वाटतें.

हौशी प्रवाशांहून ज्यांची गरज मोठी, ते आपले मच्छीमार. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ उठलें, तेव्हां केरळ व तामिळनाडूच्या शेंकडों होड्या खोल समुद्रांत होत्या. त्यांच्या बिनतारी यंत्रांचा आवाज किनाऱ्यापर्यंत पोहोंचण्याजोगा नव्हता. कित्येक परत आलेच नाहींत. पण ६८ होड्या नऊशेंहून अधिक माणसांसह वाहत आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास, देवगडास लागल्या. ती बातमी दक्षिणेस पोहोंचेपर्यंत त्या नऊशें घरांत काय चाललें असेल! वरसईच्या त्या घरांत दीडशें वर्षांपूर्वीं जें चाललें होतें, तेंच.

आपल्या अंतराळ-संस्थेनें मच्छीमारांसाठीं संकटसूचक यंत्र २०१० पासूनच दिलेलें होतें. मात्र कळ दाबल्यावर तें मुकें राही. २०२४ च्या जानेवारींत त्याची दुसरी पिढी आली, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टांत पालघर येथें एक लाख होड्यांवर उपग्रह-संपर्काचीं यंत्रें टप्प्याटप्प्यानें बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. कोणत्या जागीं मासळी लागते हें कोळ्याचें भांडवल असतें, आणि ती जागा कोणास दिसावी असें त्यास सहसा वाटणार नाहीं. तेव्हां होडीवर बसविलेलें यंत्र तो चालू ठेवील कीं नाहीं, हें ती माहिती कोणाच्या हातीं जाते यावर अवलंबून राहील. दुसऱ्या पिढीच्या यंत्रांत एक गोष्ट मात्र त्याच्या घरच्यांसही पटेल. हाक केंद्रास पोहोंचली, असें उत्तर आतां होडीवर परत येतें.