चोवीस बरगड्या

आज गोष्ट सुरू करण्याआधी एक काम सांगते. उजव्या हाताची बोटं डाव्या काखेखाली ठेवा आणि हळूहळू कंबरेकडे आणा. एकामागून एक कंगोरे लागतील. त्या आपल्या बरगड्या. एका बाजूला बारा, दोन्ही मिळून चोवीस. सगळ्या काही हाताला लागत नाहीत. सगळ्यात वरची गळ्याजवळच्या हाडामागे लपलेली असते, आणि खालच्या दोन पुढे कशालाच जोडलेल्या नसतात, पाठीच्या मणक्यांपासून निघून मध्येच संपतात. घरातल्या पुरुषांच्या मोजल्या तरी चोवीसच. क्वचित एखाद्याला एखादी जास्त असते, पण ती बाईलाही असते आणि पुरुषालाही.

मग यात सांगण्यासारखं काय? सांगण्यासारखं हे, की युरोपात शेकडो वर्षं लोक मानत होते, पुरुषाला एक बरगडी कमी असते. बायबलमध्ये गोष्ट आहे, की देवानं पहिल्या पुरुषाची, आदामची, बरगडी काढून तिची बाई घडवली. म्हणजे पुरुषाची एक कमी झाली असणार, हा हिशेब. घरोघरी बरगड्या होत्या, बोटंही होती, पण मोजायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असेल तर त्या माणसाचं कुणी ऐकलं नाही.

१५४३ साली आंद्रेआस व्हेसालियस नावाच्या वैद्यानं शरीररचनेवर एक मोठा ग्रंथ छापला. वय होतं २८. इटलीतल्या पादुआ शहरात तो शिकवत असे. तरुणपणी त्यानं गावाबाहेर फाशी दिलेल्या माणसाची हाडं गुपचूप घरी आणली होती, असा हा गडी. त्याच्या आधी तेराशे वर्षं सगळे गॅलेन या ग्रीक वैद्याचं लिहिलेलं प्रमाण मानत. गॅलेननं माकडं आणि इतर जनावरं कापून पाहिली होती, आणि तेच माणसाला लावलं होतं. खालचा जबडा दोन हाडांचा, असं त्यानं लिहिलं होतं. व्हेसालियसनं माणसाचा सांगाडा समोर ठेवून सांगितलं, मोठ्या माणसाचा जबडा एकाच हाडाचा असतो. आणि बाई असो वा पुरुष, बरगड्या दोन्ही बाजूंना बारा-बाराच असतात. एवढ्या साध्या मोजणीसाठी त्याला जुन्या जाणत्यांच्या शिव्या खाव्या लागल्या.

बरगड्यांची संख्या ठरली, पण चित्रं काढणाऱ्यांचे हात काही सुधारले नाहीत. पुढची दोनशे वर्षं पुस्तकांत सांगाडा म्हटलं की बहुतेक पुरुषाचाच. १७५९ साली फ्रान्समध्ये एका पुस्तकात बाईचा पूर्ण सांगाडा छापला गेला. त्यात कवटी लहान, बरगड्यांचा पिंजरा खाली निमुळता होत गेलेला, आणि कंबरेची हाडं मात्र चांगली रुंद. गंमत अशी, की ही चित्रं एका बाईनंच आपल्या देखरेखीखाली करवून घेतली होती. तिचं नाव थिरू दार्कोंविल. शिकलेली, हुशार बाई, पण पुस्तकावर नाव छापलं ते एका पुरुषाचं.

बरगड्या अशा अरुंद का? तेव्हा तिकडच्या खानदानी बायका लहानपणापासून कॉर्सेट घालत. म्हणजे आत ताठ पट्ट्या शिवलेली, दोरीनं करकचून आवळलेली चोळी. वाढत्या वयात ती घातली की खालच्या बरगड्या आत दबतात आणि तशाच राहतात. ज्या सांगाड्यावरून हे चित्र काढलं, तो बहुधा अशाच कुणा बाईचा असावा. आवळून बिघडवलेली छाती पुस्तकात गेली, आणि पुस्तकातून ती ‘बाईची छाती अशीच असते’ म्हणून पुन्हा जगात आली.

जर्मनीत सोमरिंग नावाचा वैद्य होता. त्यानं १७८८ साली या आवळण्याविरुद्ध पुस्तक लिहिलं, आणि १७९६ साली स्वतः बाईच्या सांगाड्याचं चित्र छापलं. त्यात कवटी शरीराच्या मानानं मोठी होती आणि ती खरीही होती. पण लोकांना आवडलं ते आधीचं फ्रेंच चित्र. सोमरिंगनं छाती फार रुंद दाखवली, अशी तक्रार झाली. कारण काय दिलं, ऐका. बायका घरातच असतात, त्यांना पुरुषांएवढा जोरात श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून त्यांचा पिंजरा लहानच असायला हवा! डोक्यावर दोन घागरी घेऊन चढ चढणाऱ्या बाईचा श्वास यांनी कधी ऐकला नसावा. पुढे १८२९ साली एडिंबराच्या जॉन बार्कले यांच्या पुस्तकात पुरुषाच्या सांगाड्याशेजारी घोड्याचा सांगाडा छापला आणि बाईच्या सांगाड्याशेजारी शहामृगाचा. डोकं लहान, कंबर रुंद.

आता कवटी. बाळाची टाळू आपण तेलानं भरतो ना, तिथं कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, दीड वर्षापर्यंत जुळतात. तीच कवटी मोठेपणी बाईला खाली बसवायला वापरली गेली. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी मेंदूंच्या वजनाचे आकडे मांडले. २९२ पुरुषांची सरासरी १३२५ ग्रॅम, १४० बायकांची ११४४ ग्रॅम. फरक १८१ ग्रॅमचा. बायकांचं शरीरच लहान, मग मेंदूही थोडा लहान असणार, हे त्यांना कळत होतं. पण त्यामुळे नेमका किती फरक पडतो, ते त्यांनी मोजलं नाही. बायका पुरुषांपेक्षा कमी हुशार, हे आपल्याला माहीतच आहे, असं ते धरून चालले. आणि गंमत पाहा, शरीराच्या मानानं बाईची कवटी मोठी भरते असं कुणी दाखवलं, की उत्तर यायचं, लहान मुलांचीही तशीच असते, म्हणजे बाई मुलासारखी. लहान म्हटली तरी हरली, मोठी म्हटली तरी हरली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या याच काळात.

हा हिशेब मोडला लंडनच्या ॲलिस ली यांनी. त्या गणिताच्या. जिवंत माणसाच्या डोक्याची लांबी, रुंदी, उंची बाहेरून मोजून कवटीत किती जागा आहे ते काढायची रीत त्यांनी बसवली. मग १८९८ साली डब्लिनमध्ये शरीररचनेच्या पंडितांची सभा भरली होती, तिथल्या ३५ जणांच्या डोक्यांची मापं घेतली गेली. लंडनच्या एका कॉलेजातले पुरुष अध्यापक आणि दुसऱ्या कॉलेजात शिकणाऱ्या मुली यांचीही मापं होती. लींनी सगळी यादी मापाप्रमाणे लावली आणि छापली. डोक्याचा आकार आणि हुशारी यांचा मेळ कुठेच बसेना. काही मुलींची डोकी प्राध्यापकांपेक्षा मोठी निघाली, आणि पंडितांच्या यादीत तळाशी नाव आलं ते मानववंशाच्या अभ्यासातल्या एका गाजलेल्या गृहस्थांचं.

परीक्षकांना हा प्रबंध पसंत पडला नाही. त्यांतल्या एकाचं डोकं त्या यादीत खालच्या अंगाला होतं, हेही सांगून ठेवते. लींचे मार्गदर्शक कार्ल पिअर्सन मध्ये पडले, पत्रव्यवहार झाला, वेळ गेला. १९०१ साली ॲलिस ली यांना विज्ञानातली डॉक्टरेट मिळाली.