पंख्याचा आवाज आणि वेगाचा पाचवा घात

बंगळूरच्या मल्लेश्वरमला लागूनच भारतीय विज्ञान संस्थेचा परिसर आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानाअंतर्गत २०२२ मध्ये तेथे ‘परम प्रवेग’ हा ३.३ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याच्या प्रोसेसरांची उष्णता वाहून नेण्यासाठी पाण्याचा उपयोग केलेला आहे. टेबलावरच्या संगणकात मात्र हे काम आजही बहुधा पंखाच करतो आणि त्याचे मोल आवाजाच्या रूपाने चुकते करावे लागते. हा आवाज कसा आटोक्यात आला, याचा इतिहास ध्वनिशास्त्राशी निगडित आहे. आणि त्या शास्त्राचा एक धागा याच परिसरातून जातो.

मल्लेश्वरममध्ये ज्यांचे ‘पंचवटी’ हे घर आहे, ते चंद्रशेखर वेंकट रामन १९३३ मध्ये विज्ञान संस्थेचे संचालक झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी भारतीय चर्मवाद्यांवरील सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. साध्या ताणलेल्या पडद्याची कंपने मूळ वारंवारतेच्या पूर्ण पटींत नसतात, म्हणून त्याला निश्चित सूर नसतो. मृदंग-तबल्याच्या शाईमुळे ती पूर्ण पटींच्या जवळ येतात आणि वाद्य सुरात बोलू लागते.

पंख्याला अशा शाईची गरज नाही. त्याची गतीच आवर्ती असते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १४० वेळा एखादे पाते त्याच आधारदांड्यासमोरून जाते. त्यातून १४० हर्ट्झचा सूर आणि त्याच्या पटी निर्माण होतात. हवेच्या खळबळीचा सरसर आवाज कान लवकर विसरतो. हा एकसुरी गुणगुणाट मात्र विसरता येत नाही. वाद्यात जे माधुर्य, तेच यंत्रात उपद्रव ठरते.

फिरत्या पात्यांच्या आवाजाचे गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ गुटिन यांनी १९३६ मध्ये मांडले. लाइटहिल यांनी १९५२ मध्ये खळबळत्या प्रवाहाच्या ध्वनीचा सिद्धांत दिला आणि कर्ल यांनी १९५५ मध्ये तो घन पृष्ठभागांना लागू केला. कर्ल यांच्या सूत्रात ध्वनिशक्ती वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. पंख्यांच्या व्यवहारात साधारण पाचवा घात धरतात. म्हणजे फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, परंतु आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. मोटरीला लागणारी शक्ती तर एक-अष्टमांशावर येते. थोड्या हवेचा त्याग करून मोठी शांतता मिळते, ती या घातामुळेच.

सुरुवातीच्या अनेक संगणकांत हा लाभ घेण्याची सोय नव्हती. पंखा १२ व्होल्टवर अखंड धावे. यंत्र रिकामे असले तरी त्याचा वेग ऐन उन्हाळ्यातल्या भरकामाला पुरेल असाच असे. हौशी मंडळींनी त्यावर तोड काढली: पंखा १२ आणि ५ व्होल्टच्या तारांमध्ये जोडायचा, म्हणजे त्याला ७ व्होल्टच मिळतात. पुढे बटण फिरवून व्होल्टता बदलणारे नियंत्रक आले. त्यांची मर्यादा अशी, की व्होल्टता फार उतरवली तर थांबलेली मोटर पुन्हा सुरूच होत नाही.

२००४ च्या सुमारास चार पिनांची जोडणी रूढ होऊ लागली. तीत मोटरीला १२ व्होल्ट कायम मिळतात. तिसरी तार प्रत्येक फेऱ्यामागे दोन स्पंद पाठवून वेग कळवते, तर चौथी तार सुमारे २५ किलोहर्ट्झच्या स्पंदांनी वेग ठरवते. स्पंद किती रुंद, यावर वेग अवलंबून असतो. वारंवारतेची ही निवड हेतुपुरस्सर आहे: माणसाची श्रवणमर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झची, त्याखालच्या स्पंदांनी मोटर स्वतःच कुणकुणू लागण्याचा संभव असतो.

नियंत्रक बसवताना शांततेचा मोह मात्र आवरावा लागतो. तापमानमापक धातूच्या उष्णताशोषकाला नीट चिकटलेला हवा, पंख्यांचा एकूण प्रवाह नियंत्रकाला पेलणारा हवा, आणि कमीत कमी वेग ठरवल्यावर संगणकाला पूर्ण कामाला लावून तापमान पाहायला हवे. उष्णता ऐकू येत नाही. प्रोसेसर तापला की तो निमूटपणे स्वतःची गती कमी करतो आणि गणना रेंगाळते. रात्री अभ्यासाच्या खोलीत शांतता हवी, पण ती पंखा बंद करून नव्हे, तर गरजेपुरतीच हवा देऊन मिळवायची.