आढींत न पिकणारें फळ

आंब्याची आढी घालतां येते. चिकू तांदुळांत पुरून ठेवला तर चार दिवसांनीं मऊ होतो. केळ्यांचा घड घरांत टांगला तर तो आपल्या गतीनें पिवळा होतो. स्ट्रॉबेरीच्या बाबतींत ही सवड निसर्गानें ठेवलेली नाहीं. रोपावरून खुडतांना तिच्या अंगीं जेवढी गोडी आली असेल तेवढीच तिची पुंजी. पुढें रंग थोडा गडद होईल, अंग मऊ पडेल, परंतु साखर वाढावयाची नाहीं. स्वस्त मिळालीं म्हणून पांढऱ्या खांद्यांचीं फळें आणून, तीं पिकतील या आशेनें फडताळांत ठेवणाऱ्या गृहस्थाच्या पदरीं दोन-तीन दिवसांत बुरशी पडते. या एका गुणामुळें या फळाचा इतिहास मोठा चमत्कारिक झाला आहे. बाग आणि ताट यांमधील वाट कशी आंखूड करावी, या खटपटींत माणसांनीं त्याच्यासाठीं जेवढे कष्ट उपसले तेवढे फार थोड्या फळांसाठीं उपसले असतील.

युरोपांतील लोकांना शेंकडों वर्षें जी स्ट्रॉबेरी ठाऊक होती ती रानांतली. फळ नखाएवढें, परंतु वास असा कीं पानांआड लपलेलें फळ नाकानें शोधावें. फ्रान्सचा राजा पांचवा चार्ल्स यानें १३६८ सालीं पॅरिसच्या लूव्हर राजवाड्याच्या बागेंत तिचीं १,२०० रोपें लावविलीं. परंतु राजाच्या बागेंत आलें म्हणून फळ कांहीं मोठें झालें नाहीं. सतराव्या शतकाच्या सुमारास उत्तर अमेरिकेंतून व्हर्जिनियन नांवाची जात युरोपांत आली. ती अधिक लाल व रसाळ होती, तरी आजच्या फळापुढें तीहि लहानच.

मोठें फळ वाढत होतें तें पृथ्वीच्या दुसऱ्याच टोंकाला. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत मापुचे वगैरे मूळ रहिवासी, स्पॅनिश लोक तेथें येण्याच्या कितीतरी आधींपासून, स्ट्रॉबेरीची लागवड करीत आले होते. फळें मोठीं होण्याचें खरें श्रेय त्यांचें. पण त्या शेतकऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव इतिहासानें जपलेलें नाहीं. नांव राहिलें तें १७१२ सालीं तिकडे गेलेल्या आमेदे फ्रांस्वा फ्रेझिए या फ्रेंच लष्करी इंजिनियराचें. चिली व पेरू येथील स्पॅनिश किल्ल्यांचे नकाशे मिळविण्यासाठीं चौदाव्या लुईच्या सरकारनें त्याला धाडलें होतें, आणि तो व्यापारी म्हणून वावरत असे. गंमत अशी कीं, फ्रेंच भाषेंत स्ट्रॉबेरीच्या रोपाला जो शब्द आहे त्याचाहि उच्चार ‘फ्रेझिए’ असाच होतो. तटांची व तोफांची टिपणें घेतां घेतां या गृहस्थाची दृष्टि कॉन्सेप्सिऑनच्या आसपासच्या शेतांकडे गेली. तेथील फळ अक्रोडाएवढें, क्वचित् कोंबडीच्या अंड्याएवढें, रंगानें फिकट लाल, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. चव मात्र रानांतल्या फळाइतकी नाजूक नाहीं, हेंहि सांगावयास तो विसरला नाहीं.

१७१४ सालीं तो परत निघाला तेव्हां रोपें बरोबर होतीं. प्रवास महिनोनमहिने चालला. गोडें पाणी मोजून वांटलें जाई. तहानलेल्या माणसांच्या जहाजावर झाडांना पाणी कोण घालूं देणार? शेवटीं पांच रोपें जगलीं. पाणी देण्याचा अधिकार ज्याच्या हातीं होता त्या जहाजावरील अधिकाऱ्याला त्यांपैकीं दोन द्यावीं लागलीं. एक पॅरिसच्या राजोद्यानांत आंत्वान द ज्यूस्यू या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेलें, एक फ्रेझिएच्या वरिष्ठाकडे, आणि एक त्यानें स्वतःकडे ठेविलें. रोपें जोमानें वाढलीं, जमिनीवर सरपटणारे फुटवे दूरवर पसरले, परंतु फळ धरेना. कारण पुढें कळलें. चिलीच्या या जातींत नर व मादी रोपें निराळीं असतात. फ्रेझिएनें फळांनीं लदलेलीं रोपें पाहून निवडलीं, आणि म्हणूनच तीं नेमकीं सगळीं मादी निघालीं! जातिवंत जिन्नस हेरणाऱ्या डोळ्यानेंच घात केला.

पुढील कित्येक वर्षें हीं रोपें युरोपच्या बागांतून वांझ राहिलीं. फ्रान्सच्या पश्चिम टोंकाला ब्रेस्ट बंदराजवळ प्लुगास्तेल म्हणून गांव आहे. तेथील बागाईतदारांच्या ध्यानांत आलें कीं, चिलीच्या रोपांच्या शेजारीं दुसऱ्या जातींच्या ओळी लावल्या तर फळें धरतात. शास्त्र मागाहून आलें. आंत्वान निकोला द्यूशेन या कोवळ्या वयाच्या मुलानें १७६४ सालीं मुद्दाम परागसिंचन करून पिकविलेलीं मोठीं फळें पंधराव्या लुईला नजर केलीं, आणि १७६६ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, बागांतून नव्यानें दिसूं लागलेली मोठी, अननसाच्या वासाची स्ट्रॉबेरी ही चिलीची व व्हर्जिनियाची यांची संतति आहे. आज जगभर खाल्ली जाते ती हीच. दोन निराळ्या खंडांतील दोन जाती, त्यांचा संयोग झाला तिसऱ्याच खंडांत.

फळ मोठें झालें, पण त्याचें आयुष्य वाढलें नाहीं. लंडनजवळच्या आयझलवर्थ येथील मायकेल कीन्स या बागवानानें १८२१ सालीं ‘कीन्स सीडलिंग’ ही नामांकित जात पुढें आणली आणि शहरांत या फळाला मागणी चढली. त्या काळच्या खडबडीत रस्त्यांवरून गाडीच्या धक्क्यांनीं फळाचा चिखल होई. म्हणून तें माणसांच्या डोक्यांवरून जाई, आणि तीं डोकीं बायकांचीं असत. श्रॉपशायर व वेल्स या दूरच्या मुलखांतून गरीब स्त्रिया हंगामापुरत्या येत. पहांटे खुडलेलीं फळें डोक्यावरच्या टोपल्यांत घेऊन नऊ-दहा मैल तुडवीत कॉव्हेंट गार्डनच्या बाजारांत पोंचत, आणि कित्येकजणी त्याच दिवशीं दुसरी खेप करीत. सायीबरोबर तीं फळें चाखणाऱ्या उमराव घराण्यांचे वृत्तांत पुष्कळ आहेत. मोबदल्यांत या बायांच्या पदरीं काय पडलें याची आठवण मात्र फार थोड्यांनीं ठेविली. किरकोळ विक्री निमुळत्या वेताच्या टोपलींतून होई. वरच्या रुंद तोंडाशीं टपोरीं फळें आणि खालच्या अरुंद बुडाशीं चिरमुटलेलीं, ही विक्रेत्यांची युक्ति लंडनकरांना चांगली परिचित होती. टोपली गेली, तिच्या जागीं डबी आली. युक्ति मात्र सर्व देशांत शाबूत आहे.

आपल्याकडे हिमालयाच्या उतारांवर रानटी स्ट्रॉबेरी पूर्वींपासून उगवते. मोठ्या फळाला महाराष्ट्रांत घर मिळालें तें महाबळेश्वरीं. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत, १८२८ च्या सुमारास, तेथें इंग्रजांचें थंड हवेचें ठाणें वसलें आणि साहेबाच्या मेजासाठीं विलायती भाज्या व फळें लावण्याची धडपड सुरू झाली. साडेचार हजार फुटांची उंची, तांबडी माती आणि हिंवाळ्यांतील थंड रात्री या फळाला मानवल्या. मात्र तेथला धुवांधार पाऊस त्याला सोसत नाहीं. म्हणून मातृरोपें परदेशांतून आणून, खालीं वाईकडील रोपवाटिकांत त्यांचे फुटवे वाढवून, पाऊस ओसरल्यावर भिलार, खिंगर, मेटगुताड अशा गांवांतून लागवड होते. २०१० सालीं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु शेतकऱ्यापुढचें कोडें मात्र प्लुगास्तेल आणि आयझलवर्थ येथलेंच आहे. ‘स्वीट चार्ली’ गोड, पण अंगानें मऊ. ‘कॅमरोझा’ टणक, लांबचा प्रवास सोसणारी. पुरतें पिकूं द्यावें तर मुंबईपर्यंत टिकत नाहीं, आधीं खुडावें तर गोडी राहून जाते. चुकला तर माल जामच्या कारखान्याच्या भावानें द्यावा लागतो. मळ्यांतून फळ खुडणारे हात येथेंहि बहुतेक बायकांचेच असतात. महाबळेश्वरीं हिंवाळ्यांत गेलेल्या श्रोत्यांनीं सकाळच्या दंवांत वांकून चाललेली ती खुडणी पाहिली असेल. फळाला बोट लावावयाचें नाहीं. देठ नखांत धरून तोडावयाचा.

एवढ्या हातांनीं इतक्या जपणुकीनें दारापर्यंत आलेलें फळ घरांत नासावें, यासारखा अपव्यय नाहीं. घेतांना डबी आधीं उलटी करून पाहावी. तळाशीं रसाचा डाग असेल तर खालचीं फळें चेंचलीं आहेत असें समजावें. हिरव्या टोपीखालचा खांदा लाल हवा, टोपी ताजी व तरतरीत हवी, आकाराच्या मोहांत पडूं नये. वास हाच खरा साक्षीदार. ज्या फळाला वास नाहीं त्याला बहुधा चवहि नसते. घरीं आणल्यावर धुवावयाचीं नाहींत. ओल लागली कीं करडी बुरशी धरते, आणि एका फळाची शेजारच्या फळाला लागते. म्हणून चेंचलेलीं वेंचून काढावीं व बाकीचीं पसरट ताटलींत कोरड्या फडक्यावर एकाच थरानें मांडून शीतकपाटांत ठेवावीं. दोन-तीन दिवसांपलीकडे आशा धरूं नये. खाण्याच्या वेळीं धुवावीं तीं टोपीसकट, आणि टोपी मागाहून काढावी. आधीं काढली तर फळ पाणी पितें आणि चव पातळ होते. थंडगार फळाला वास येत नाहीं, म्हणून अर्धा तास आधीं बाहेर काढावें. साखर पेरणें झाल्यास अगदीं पानावर बसतांना पेरावी, नाहींतर ती रस ओढून घेते. आणि वेंचून बाजूला काढलेल्यांपैकीं नुसतीं चेंचलेलीं, बुरशी न लागलेलीं फळें असतील, तीं दुसऱ्या दिवसावर न टाकतां त्याच संध्याकाळीं साखर घालून मंद आंचेवर शिजवावीं.