जन्माने गुन्हेगार

सोलापुरात ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आहे. नाव इंग्रजी, पण रिक्षावाल्यापासून वाण्यापर्यंत सर्वांच्या तोंडी बसलेले. ते नाव तारेच्या कुंपणातून आले आहे. त्या कुंपणात माणसे एखाद्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून ठेवलेली नव्हती. अमक्या जमातीत जन्मली म्हणून ठेवलेली होती, आणि त्यांत अंगावर पिणारी मुलेही होती. तुरुंगातल्या माणसाच्या बालपणाविषयी आज जगभर विचार चालू आहे. त्याचा एक मोठा धडा आपल्याच अंगणात पडलेला आहे, म्हणून हा विषय.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद असा की, या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, कोष्ट्याचा कोष्टी होतो. तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार. जातिव्यवस्थेचा इतका सोयीस्कर उपयोग आपल्या शास्त्रीपंडितांनाही सुचला नसेल! वस्तुतः या भटक्या लोकांना त्यांचे धंदे होते. टकाऱ्याने जात्याला टाकी द्यावी, कैकाड्याने टोपल्या विणाव्यात, लमाणाने बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहावे. आगगाडी आली आणि लमाणांचे तांडे बसले. जंगल सरकारजमा झाले आणि पारध्याची शिकार गुन्हा ठरली. पोट मात्र जागच्या जागी राहिले. त्यांच्यापैकी काही जण चोऱ्या करीत, हे झाकण्याचे कारण नाही. पण कायद्याने त्या काहींना वेगळे काढले नाही. सबंध जमातीच्या जमाती वहीत उतरवल्या. १९११ च्या कायद्याने हे लोण मुंबई इलाख्यातही पोहोचले.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हजेरी हा शब्द आम्हांला रोजचा. गिरणीची हजेरी भरली की पगार पडतो, म्हणून कामगार हजेरीसाठी भांडतो. या लोकांची हजेरी निराळी होती. ठराविक वेळी पोलिसापुढे उभे राहायचे, परगावी जायचे तर आधी कळवायचे, आणि चुकले तर अटक. बाप असा रोज मान खाली घालून उभा राहतो, हे ज्या पोराने रांगत्या वयापासून पाहिले, त्याच्या मनात कायद्याची कोणती मूर्ती उभी राहणार?

पुढचे कलम तर आईच्या काळजावर होते. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मुले तोडण्याची ही तरतूद पुढच्या कायद्यांतही टिकली. आणि हे सारे, श्रोतेहो, दयेच्या नावाखाली चालले होते! अनेक वसाहती मिशनऱ्यांच्या हाती होत्या. त्यांनी शाळा काढल्या, औषधपाणी केले. त्यांच्या हेतूबद्दल आम्ही शंका घेत नाही. परंतु ‘मूल वाचवायचे असेल तर आधी त्याला आईपासून वाचवले पाहिजे’ ही त्या दयेची पहिली पायरी होती. सोलापुरात गिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला पहारा हवा होता. दोन्ही गरजा एकाच कुंपणात भागल्या.

या बालपणाचे पुढे काय होते? लातूरच्या सूतगिरणीत राबलेले लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले. चोरीचे शिक्षण देताना पोरांना घरातच मार दिला जाई, तो अशासाठी की उद्या पोलिसांचा मार सोसून त्यांनी कोणाचे नाव सांगू नये, असे त्यात आहे. मारणारे हात घरचेच असत. पण त्या हातांना पोलिसांचा मार ठाऊक होता, म्हणून ते पोराला तयार करीत होते. असा मुलगा पुढे तुरुंगात भेटला की आपण म्हणतो, ‘निर्ढावलेला आहे!’

अलीकडे हे मोजूनही झाले आहे. वेल्समधील पार्क नावाच्या तुरुंगातील कैद्यांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. लहानपणी घरात मारहाण, अत्याचार, आईबापांची ताटातूट, दारू यांपैकी काही ना काही सोसलेले कैदी शंभरांत ८४ निघाले. बाहेरच्या लोकांत हेच प्रमाण ४६ होते. चार किंवा अधिक प्रकार सोसलेले कैदी शंभरांत ४६, बाहेर केवळ १२. सोसलेला प्रत्येक जण गुन्हेगार होतो असे यावरून कोणी म्हणू नये. बाहेरच्या त्या ४६ जणांनी काय केले, तेही पाहावे. आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याचे दुःख यामुळे कमी होते असेही नाही.

मग करुणा कशी असावी? तिचाही नमुना आपल्याकडेच आहे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रिडमन यांची कल्पना आणि राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींचा पाठिंबा. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना भिंतीवाचून शेतीवर ठेवले, आणि त्यांना बायकापोरांसह राहू दिले. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा बोलपट त्यावरूनच निघाला. तो पाहून डोळे पुसणारे पुष्कळ, आटपाडीला जाऊन आलेले थोडे. मिशनऱ्यांच्या दयेने मूल बापापासून तोडले, स्वतंत्रपुराने ते बापाजवळ राहू दिले. दोन्हीकडे माणसे भलीच होती. फरक विश्वासाचा होता.

गुन्हेगार जमातींचा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि तुरुंगांच्या नियमावल्यांत जुन्या वहीची पाने शिल्लक राहिली. एका पत्रकार महिलेच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कैद्यांना कामे वाटण्याचे नियम रद्द केले, विमुक्तांना जन्मतः सराईत मानणारे उल्लेख घटनाबाह्य ठरविले, आणि तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. १९५२ साली जे पोर तारेबाहेर पडले, ते हा निकाल लागला तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते.