नव्या टाकीतले मासे आठ दिवसांत का मरतात? एका पिता-पुत्राच्या शोधाची कथा

१/ परभणी जिल्हा हा बारवांचा जिल्हा. वालूर, चारठाणा, पिंगळी, आर्वी ही नावे इतिहासप्रेमींना परिचित आहेत. पाणी स्वच्छ राहावे म्हणून विहिरीत मासे, कासव सोडण्याची रीतही आपल्याकडे जुनी. ते मासे वर्षानुवर्षे जगत. मग आज दुकानातून आणलेले मासे घरच्या नव्या टाकीत आठवड्याभरात का दगावतात?

२/ दोष बहुधा दुकानदाराला दिला जातो, नाहीतर नशिबाला. खरे कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते कळण्यास विज्ञानाला सुमारे ४० वर्षे लागली आणि त्या शोधात एका पित्याचा व त्याच्या पुत्राचा मोठा वाटा आहे. दोघांचेही नाव एकच : रॉबर्ट वॉरिंग्टन.

३/ पिता लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ. १८४९ साली त्याने काचेच्या भांड्यात दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे जगतील, असा त्याचा हिशेब होता. काही दिवसांनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले.

४/ मग त्याने त्यात पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजलेले सारे खाऊन टाकले, पाणी निवळले. मासे, वनस्पती, गोगलगाय असा हा समतोल त्याने १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. घरगुती अ‍ॅक्वेरियमची कल्पना येथून रुजली.

५/ १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि इंग्लंडला माशांचे वेड लागले. पण समतोलाचे सूत्र पाळूनही पुष्कळांच्या टाकीतील पाणी नासत राहिले. सूत्रातला एक दुवा अजून निसटलेला होता.

६/ तो दुवा अमोनियाचा. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजले की त्यात भर पडते. अमोनियाने कल्ले पोळतात, मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो. पाणी मात्र आरशासारखे नितळ दिसत असते! थोरला वॉरिंग्टन १८६७ साली वारला. या विषाचा निचरा कोण करते, हे त्याच्या हयातीत कोणालाच ठाऊक नव्हते.

७/ १८७७. फ्रान्समध्ये श्लेसिंग आणि म्युन्ट्झ यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्म सोडताच क्रिया थांबली. पुढे क्लोरोफॉर्म काढून मातीचे थोडे पाणी घालताच ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे हे काम सजीवांचे होते.

८/ धाकटा वॉरिंग्टन तेव्हा इंग्लंडमधील रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात होता. त्याने हा निष्कर्ष पडताळला आणि पुढचे पाऊल टाकले : क्रिया दोन टप्प्यांत होते, प्रथम अमोनियाचे नायट्राइट, नंतर नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे जिवाणू वेगळे. १८९० च्या सुमारास विनोग्रादस्कीने ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

९/ पुत्राचा विषय शेतजमीन होता. पण पित्याच्या काचभांड्यातले कोडे त्यातूनच सुटले. आपल्या काळ्या जमिनीत शेणखताचे पिकाला घेता येईल असे नायट्रेट करणारी क्रियाही हीच. हे जिवाणू दगड, वाळू, भिंत अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात. जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर त्यांना शतकानुशतके घर मिळाले. नव्या टाकीत मात्र ते जवळजवळ नसतातच.

१०/ आता नळीतले ते वीस दिवस आठवा. नव्या टाकीलाही जिवाणूंची वस्ती जमण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. म्हणून आरंभी एक-दोनच काटक मासे ठेवावेत, खाद्य चिमूटभर द्यावे. मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतील मूठभर वाळू आणून टाकल्यास काम लवकर होते. श्लेसिंग-म्युन्ट्झ यांच्या प्रयोगातील मातीच्या पाण्यासारखेच.

११/ क्लोरोफॉर्मची जागा आज नळाच्या पाण्यातील क्लोरीनने घेतली आहे. ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक घालून मगच वापरावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. टाकी घासून लख्ख करणे म्हणजे जिवाणूंची वस्ती उठवणे होय.

१२/ परभणीच्या बेसाल्ट खडकातील बोअरचे पाणी सहसा जड असते. भांड्यांवरचा पांढरा थर त्याचीच खूण. असे पाणी बहुधा अल्कधर्मी असते आणि त्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. उन्हाळ्यात तर पाणी तापते, प्राणवायू घटतो. गप्पीसारखे मासे जड पाणी सोसतात. मऊ पाण्यातील नाजूक जाती सोसत नाहीत.

१३/ नवा मासा घरी आणल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडून तासाभरात थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात मिसळा. शेवटी मासा जाळीने अलगद टाकीत सोडा. पिशवीतले पाणी बाहेर फेका. पुढे दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला.

१४/ थोरल्या वॉरिंग्टनला आपल्या भांड्यात मासे, पाने आणि गोगलगाई दिसल्या. चौथा रहिवासी त्याला दिसला नाही. तो पुढे मुलाने दाखवून दिला. यापुढे टाकी आणाल तेव्हा आधी त्या चौथ्याला राहू द्या. मासे महिन्याभराने आले तरी चालतील.