वाळवंटातील संध्याकाळ : दुबईच्या डेझर्ट सफारीत काय असते, काय नसते

गोव्यातील वाचकाला ‘वाळवंट’ म्हटले की प्रथम साखळीची वाळवंटी नदी आठवते, नाहीतर पंढरपूरचे चंद्रभागेचे वाळवंट. दोन्ही ठिकाणची वाळू पाण्याने आणून टाकलेली. अरबस्तानातील वाळूला मात्र वारा आकार देतो, आणि त्या वाळूवर काढलेली एक संध्याकाळ हा दुबईच्या पर्यटनातील सर्वाधिक खपणारा कार्यक्रम आहे. गोमंतकातील असंख्य कुटुंबांतले कोणी ना कोणी आखातात नोकरीला असते. मुलगा किंवा मुलगी आईवडिलांना महिनाभरासाठी बोलावून घेते आणि पहिल्याच आठवड्यात डेझर्ट सफारीचे तिकीट काढते. त्या तिकिटात नेमके काय असते आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्यातील कोणत्या भागापासून दूर राहावे, याची विचारणा बहुधा गाडीत बसल्यावर होते. ती आधी व्हायला हवी.

‘सफारी’ हा शब्द इंग्रजीत आला तो पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतून, आणि स्वाहिलीत तो अरबीतून. मराठीतील ‘सफर’ हे त्याच घराण्यातले. आफ्रिकेत या शब्दाला वन्यप्राणी जोडले गेले. दुबईत मात्र प्राणी दिसलेच तर सवारीचा उंट आणि हातावर बसवलेला ससाणा एवढेच. सिंह-हत्तींच्या कल्पनेने निघालेल्या मुलांना ही गोष्ट घरीच सांगून ठेवलेली बरी.

दुपारची निघण्याची वेळ

साधारणपणे दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान गाडी हॉटेलच्या किंवा इमारतीच्या दाराशी येते. ही वेळ सूर्यास्तावर ठरते. डिसेंबरमध्ये दुबईत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. गाडी चारही चाकांना शक्ती मिळणारी, बहुतेक वेळा टोयोटा लँड क्रूझर. ‘शेअरिंग’ तिकीट असेल तर एका गाडीत सहा-सात प्रवासी बसतात आणि ते वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा होईपर्यंत तासभर शहरातच जातो. सर्वांत मागच्या आसनांवर बसणाऱ्यांना पुढे सर्वाधिक हादरे बसतात, त्यामुळे गाडीत चढताना दाखवलेले सौजन्य नंतर महागात पडू शकते. चालक बहुधा पाकिस्तानी, भारतीय किंवा बांगलादेशी असतो आणि हिंदी सहज बोलतो. आपल्या प्रकृतीविषयी, भीतीविषयी जे काही सांगायचे ते त्याला याच टप्प्यावर मोकळेपणाने सांगावे.

हत्ता या डोंगराळ गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लहबाब हा भाग लागतो. शहरापासून पाऊण-एक तासाच्या अंतरावर असलेली तिथली वाळू तांबूस आहे. किनाऱ्यालगतच्या वाळूत शिंपल्यांचा आणि चुनखडीचा अंश अधिक, म्हणून ती पांढुरकी दिसते. आत जावे तसतसे वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साईडचे, म्हणजे गंजाचे, पातळ आवरण दिसू लागते आणि रंग तांबडा होत जातो. गोव्याची तांबडी माती ज्या लोहामुळे तांबडी, तेच लोह इथेही काम करते. जाहिरातींतील ‘रेड ड्यून्स’ ती हीच.

वाळूत शिरण्यापूर्वी एक थांबा असतो. चालक तिथे चाकांतील हवा कमी करतो. डांबरी रस्त्यावर पस्तीसेक पौंड असलेली हवा पंधराच्या आसपास आणली जाते. चाक चपटे झाले की त्याचा वाळूशी संपर्क वाढतो, वजन पसरते आणि गाडी रुतत नाही. हे काम चालू असताना प्रवाशांच्या भोवती विक्रेते जमतात. डोक्याला बांधण्याचा रुमाल, ससाण्याबरोबर छायाचित्र, चारचाकी क्वाड बाईकची फेरी, यांपैकी काहीही तिकिटात धरलेले नसते आणि पहिला सांगितलेला भाव अखेरचा नसतो. क्वाड बाईक स्वतः चालवायची असते. दुचाकीची सवय असणाऱ्याला ती सोपी वाटते, पण वाळूवर ती तशी वागत नाही. तिरक्या उतारावर उलटते. शिरस्त्राण घातल्याशिवाय आणि सोबत मार्गदर्शक असल्याशिवाय तिच्यावर बसू नये.

वाळूवरची वीस मिनिटे

यानंतर येते ‘ड्यून बॅशिंग’. वाळूच्या टेकड्यांवरून गाडी वेगाने चढवणे, माथ्यावरून घसरत खाली आणणे, पुन्हा वळवणे. वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत हा खेळ चालतो. वाऱ्याने घडवलेल्या टेकडीची एक बाजू लांबट उताराची असते. वारा जिथून येतो ती. दुसरी बाजू एकदम खाली उतरते आणि तिचा कोन तेहतीस-चौतीस अंशांच्या आसपास असतो, कारण कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही. जाणता चालक या उतारावरून सरळ रेषेत खाली येतो. गाडी घसरतेय असे वाटते ते खरेच असते, तिच्याबरोबर वाळूचा थरही सरकत असतो. गाडी उलटण्याचा धोका उतारावर आडवे जाण्यात आहे. म्हणूनच, ‘आणखी जोरात’ असा आग्रह प्रवाशांनी चालकाला करू नये. तरुण मंडळींच्या एका गाडीने आरडाओरडा सुरू केला की शेजारच्या गाडीतही चुरस लागते, आणि मागच्या आसनावर एखादी आजी डोळे मिटून हँडल धरून बसलेली असते.

गरोदर स्त्रिया, पाठीच्या मणक्याचा किंवा मानेचा त्रास असणारे, हृदयविकाराचे रुग्ण, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि अगदी लहान मुले यांनी या भागात बसू नये. कंपन्या हे छापतात, पण बारीक अक्षरांत. ज्यांना हाडांच्या ठिसूळपणासाठी औषध चालू आहे, त्यांनाही हाच नियम लावावा. आपले आईवडील धडधाकट दिसतात एवढ्यावर विसंबू नये. पाठ भिंतीला टेकवून बसणाऱ्या माणसाच्या मणक्याला एकाच आपटण्याने काय होऊ शकते, हे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतील. वाळूवर जसजसे पुढे जावे तसतसे गाडीतून उतरणे अवघड होते, आणि ‘मला पुरे’ म्हणायला ज्येष्ठांना मुलांच्या पैशांचा संकोच वाटतो.

यावर सोपा उपाय आहे. बहुतेक कंपन्या अशा प्रवाशांना टेकड्यांच्या खेळाला वगळून थेट रस्त्याने छावणीवर पोहोचवतात. मात्र हे तिकीट काढतानाच सांगावे लागते. ऐनवेळी सांगितल्यास दुसरी गाडी मिळेलच असे नाही. प्रवास विम्यात साहसी खेळ धरले आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. सफारी चालवणाऱ्या कंपन्यांना दुबई सरकारच्या पर्यटन विभागाचा परवाना लागतो. समुद्रकिनाऱ्यावर हातात पत्रक ठेवून निम्म्या दरात नेऊ म्हणणाऱ्याला तो परवाना विचारण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

ज्यांना घाटात मळमळते त्यांना इथे हमखास मळमळेल. दुपारचे जेवण हलके आणि निघण्याच्या दोन तास आधी, नेहमीची गोळी डॉक्टरांना विचारून अर्धा-एक तास आधी, शक्य तर पुढची जागा आणि नजर मोबाईलच्या पडद्याऐवजी क्षितिजावर. चोणाक किंवा इसवणाचे भरपेट हुमण जेवून निघणाऱ्याचे काय होते, ते त्याच्या शेजाऱ्याने सांगावे.

सूर्यास्त आणि शमी

खेळ संपल्यावर गाड्या एखाद्या उंचवट्यावर थांबतात. ही अर्ध्या तासाची उसंत बहुतेकांच्या मोबाईलमध्ये जाते, आणि तरीही संध्याकाळचा सर्वोत्तम भाग हाच आहे. गाड्यांपासून शंभर पावले चालत जावे. आवाज एकदम नाहीसा होतो. पायांखालच्या वाळूवर वाऱ्याने ओढलेल्या बारीक रेघा असतात, त्यांच्यामधून एखाद्या भुंग्याच्या पावलांची शिवण गेलेली दिसते. वाळू वरून ऊन आणि चार बोटे खाली गार लागते. चपला काढून चालावेसे वाटते, परंतु उन्हाळ्यात चारच्या सुमारास ती पाय भाजते. हिवाळ्यात मात्र हरकत नाही.

वाटेत एकटीदुकटी हिरवी झाडे दिसतात. स्थानिक लोक त्यांना ‘गाफ’ म्हणतात. हे झाड मराठी माणसाच्या ओळखीचे आहे, कारण ती शमी आहे. विराटनगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी जिच्यावर शस्त्रे लपवली असे महाभारत सांगते आणि दसऱ्याला जिची पूजा होते, तीच. राजस्थानातील खेजडीही हीच. शमीची मुळे पाण्याच्या शोधात अतिशय खोल जातात, त्यामुळे वरती पावसाचा थेंब नसतानाही झाड हिरवे राहते. तिच्या शेंगा आणि पाला उंट खातात, तिच्या सावलीत पूर्वी बदाऊनी टोळ्यांच्या बैठका भरत. संयुक्त अरब अमिरातीने 2008 मध्ये गाफ हा आपला राष्ट्रीय वृक्ष ठरवला. चालक तिच्याजवळून गाडी भरधाव नेतो आणि तिच्याबद्दल काही सांगत नाही, ही या सहलींची एक उणीवच.

छावणीतला कार्यक्रम

अंधार पडता पडता छावणी येते. मधोमध मंच, भोवती गालिचे आणि बैठे मेज, कडेला दुकाने. स्वागताला खजूर आणि अरबी कॉफी म्हणजे ‘गहवा’ मिळते. ती दुधासाखरेची नव्हे. फिकट, वेलचीच्या वासाची, कानाविरहित छोट्या प्याल्यात घोटभर दिलेली. प्याला रिकामा झाला की यजमान पुन्हा भरतो. पुरे असल्यास तो हातात किंचित हलवून परत द्यायचा असतो. या कॉफीच्या आतिथ्याला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2015 मध्ये स्थान मिळाले.

उंटाची फेरी दोन-तीन मिनिटांची असते. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे फेकला जातो. तेव्हा मागे रेलून मुठी घट्ट धराव्यात, बसतानाही तसेच. गुडघे दुखणाऱ्यांनी ही फेरी टाळली तर काही गमावल्यासारखे होत नाही. ससाण्याचे मात्र थोडे थांबून पाहावे. त्याच्या डोळ्यांवरची चामड्याची टोपी त्याला शांत ठेवण्यासाठी असते. माळढोकाच्या कुळातील हुबारा या पक्ष्याची शिकार हा बदाऊनींचा एकेकाळचा हिवाळी मांसाहार होता आणि ससाणा ही त्यांची बंदूक. आज अमिरातीत ससाण्यांना प्रवासासाठी स्वतंत्र पासपोर्ट मिळतो.

मंचावरचे नृत्य मात्र वाळवंटातील नव्हे, हे ठाऊक असावे. ‘बेली डान्स’ इजिप्तकडून आला. रंगीत घेरदार झगा घालून गिरक्या घेणारा ‘तनुरा’ही इजिप्तचाच, सूफी परंपरेतून उतरलेला. अमिरातीचे आणि ओमानचे स्वतःचे पारंपरिक नृत्य आहे ‘अय्याला’ : दोन रांगांत समोरासमोर उभे राहिलेले पुरुष, हातात वेताच्या काठ्या, मागे ढोलांचा ठेका. शिगम्यातील तालगडी पाहिलेल्याला ते परके वाटणार नाही. पर्यटकांच्या छावणीत ते क्वचितच दिसते. बेली डान्स चालू असताना सासू-सासऱ्यांसमवेत कुठे पाहावे, असा पेच पडणाऱ्या कुटुंबांसाठी मेहंदी काढणारीचा तंबू बहुधा मंचाच्या पाठीमागेच असतो. रमजानच्या महिन्यात नाच-गाणे सहसा बंद असते. सध्या तो महिना ऐन पर्यटन हंगामात येतो, तेव्हा तारीख ठरवताना दिनदर्शिका पाहावी.

जेवण रांगेत उभे राहून घ्यायचे. हुम्मुस, खुबूस, कोशिंबिरी, भात, निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि मटण. शिवराक जेवणाऱ्यांची सोय भारतीय पाहुण्यांमुळे जवळपास सगळीकडे असते. डाळ, भाजी, कधी पनीर. मात्र वाढण्याचे चमचे एकमेकांत मिसळतात, म्हणून कडक पाळणाऱ्यांनी रांग सुरू होताच ताट भरावे. खजुराच्या काकवीत घोळलेले ‘लुगैमात’ मिळाल्यास सोडू नये. आपल्या गुलगुल्यांचे ते लांबचे भाऊबंद. मद्य असल्यास त्याचे पैसे वेगळे आणि वयाची अट 21 वर्षे.

ज्यांना गाड्यांचा खेळ आणि मंच दोन्ही नको, त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. 2003 मध्ये स्थापन झालेले दुबई वाळवंट संवर्धन क्षेत्र 225 चौरस किलोमीटरचे असून तिथे ठरावीक कंपन्यांनाच प्रवेश मिळतो. तिकीट बरेच महाग, पण तिथे अरबी ऑरिक्स हे पांढरे, सरळ शिंगांचे हरीण मोकळे फिरताना दिसते. 1972 च्या सुमारास हा प्राणी रानातून पूर्णपणे नाहीसा झाला होता. पिंजऱ्यांतील थोड्या प्राण्यांपासून वंश वाढवून 1982 मध्ये ओमानमध्ये तो पुन्हा मोकळ्यावर सोडण्यात आला. वयस्कर पाहुण्यांना घेऊन जायचे तर दोन साध्या सहलींपेक्षा ही एक सहल उजवी.

कपडे सुती आणि सैल, पायांत सहज काढता येतील अशा चपला. नोव्हेंबर ते मार्च हा सर्वांत चांगला काळ. दुपारच्या उन्हाला फसून गोव्यातले प्रवासी गरम कपडे घेत नाहीत, आणि जानेवारीत रात्री आठला छावणीत कुडकुडत बसतात. वाळू दिवसाची उष्णता धरून ठेवत नाही. एक शाल, पाण्याची बाटली, डोळ्यांत वाळू जाऊ नये म्हणून चष्मा, आणि दम्याचा त्रास असेल तर फवारा खिशात. सामानाच्या पिशवीत नव्हे. कॅमेऱ्याची भिंग वाळूत बदलू नये. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही.

काही छावण्यांत निघण्यापूर्वी चार-पाच मिनिटे दिवे मालवतात. तेवढ्यात मान वर करावी. परतीच्या गाड्या साडेआठच्या सुमारास सुटतात आणि साडेनऊपर्यंत शहरात पोहोचतात. भारतात तेव्हा अकरा वाजलेले असतात, त्यामुळे घरी फोन करायचा असल्यास तो छावणीत पोहोचताच करून टाकावा. आत वाळूत संपर्क मिळेलच असे नाही.