जाळे साधे, टोके शहाणी

संगणकांच्या जाळ्याचा इतिहास सांगताना बहुधा यंत्रांची नावे आणि वेगाचे आकडे सांगितले जातात. मला आज सांगायची आहे ती एका तत्त्वाची गोष्ट. मधले जाळे साधे ठेवावे आणि शहाणपण दोन्ही टोकांना असू द्यावे, असे ते तत्त्व.

१९६० च्या सुमारास दूरसंपर्क म्हणजे टेलिफोन. दोघांचे बोलणे सुरू झाले की त्यांच्यासाठी एक्स्चेंजमधून एक वाट राखून ठेवली जाई. दोघे गप्प बसले तरी ती वाट अडलेलीच. आणि मुख्य एक्स्चेंज बंद पडले की त्यावर अवलंबून असलेले सारे फोन मुके.

अमेरिकेतील रँड संस्थेत पॉल बॅरन यांच्यापुढे प्रश्न होता, अणुहल्ल्यात काही केंद्रे नष्ट झाली तरी निरोप पोहोचावा कसा? १९६४ मध्ये त्यांनी सविस्तर उत्तर मांडले. निरोपाचे लहान तुकडे करा, प्रत्येकावर पत्ता घाला आणि मिळेल त्या वाटेने जाऊ द्या. इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना १९६५ मध्ये हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. त्यांच्या मनात युद्ध नव्हते. संगणक थांबूनथांबून बोलतो, त्याच्यासाठी अख्खी वाट का अडवावी, एवढाच त्यांचा सवाल होता. अशा तुकड्याला त्यांनी ‘पॅकेट’ म्हटले. आपण त्याला खुशाल पाकीट म्हणावे.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवण्यात येत होता. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोलमडली. तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला आणि तो साधला. अर्पानेटची सुरुवात ही अशी.

पाकीट वाटेत हरवले तर जबाबदारी कोणाची? अर्पानेटमध्ये हा भार बराचसा मधल्या यंत्रांवर होता. फ्रान्सच्या लुई पूझाँ यांनी ‘सिक्लाद’ या जाळ्यात तो टोकाच्या संगणकांवर टाकला. पाकिटे मोजायची, हरवलेले पुन्हा मागवायचे, हे काम घेणाऱ्याचे आणि पाठवणाऱ्याचे. जाळ्याने फक्त जमेल तसे पुढे ढकलायचे. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या रचनेत हा विचार आला आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट तिच्यातूनच घडलेल्या नियमांवर चालू लागले.

याचे फळ मोठे होते. मधल्या जाळ्याला पाकिटात काय आहे हे ठाऊक असण्याची गरज उरली नाही, म्हणून नवी सेवा सुरू करायला कोणाची परवानगी लागेना. टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभारले, त्यासाठी जाळ्यात काहीच बदलावे लागले नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेही याच नियमांवर.

अलीकडे वारा थोडा उलटा वाहतो आहे. २००८ मध्ये स्टॅनफर्डमधून ‘ओपनफ्लो’ आले. वाट ठरवण्याचे डोके स्विचमधून काढून मध्यवर्ती प्रोग्रामकडे देण्याचा हा विचार. हजारो यंत्रे सांभाळणाऱ्यांना तो सोयीचा आहे, यात शंका नाही. पण कोणत्याही मार्गाने कारभार एकवटला की चूकही एकवटते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीचे अंतर्गत जाळेच तुटले आणि सुमारे सहा तास फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम बंद राहिले. दुरुस्तीची नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून होती!

त्या सहा तासांत बाकीचे इंटरनेट मात्र चालू होते. जुन्या तत्त्वाची याहून वेगळी साक्ष कशाला हवी? नव्या सोयी जरूर घ्याव्यात, पण घेताना बॅरन यांचा प्रश्न विचारावा: मधले केंद्र गेले, तर उरते काय?